माझ्याआधीचा दुरुस्तीवाला

दुरुस्तीला आलेलं जुनं पेन मी आधी नाकाशी नेतो. समोरच्याला ते विचित्र वाटतं. पण बॅरल अंगठ्याने जोरात चोळून वास घेतला की निम्मी माहिती तिथेच मिळते. गंधकाचा, जळक्या रबराचा वास आला तर एबोनाइट. कापराचा आला तर सेल्युलॉइड, आरतीचं तबक नुकतंच समोरून गेल्यासारखा. आणि या दोन्हींपैकी काहीच नाही, उलट ओल्या बोटाने चोळल्यावर किंचित दुधाळ वास आला, तर ते केसीन. मग मी टेबलावरचा पाण्याचा पेला उचलून खिडकीत ठेवतो.

केसीन म्हणजे दुधातलं प्रथिन, फॉर्मालिनमध्ये मुरवून टणक केलेलं. इंग्लंडच्या कॉनवे स्टुअर्ट कंपनीने या पदार्थाची फार देखणी पेनं केली. संगमरवरी रेषांची, रंगांची अशी खोली की बघत राहावं. फक्त एक खोड, ते पाणी पितं. एका निवृत्त मुख्याध्यापकांनी वाळलेली शाई सुटावी म्हणून आख्खं पेन रात्रभर कोमट पाण्यात बुडवून ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी माझ्याकडे आणलं. "शाई सगळी सुटली बरं का," असं आधी सांगितलं, मग पेन रुमालातून काढलं. बॅरल फुगून वाकलं होतं, वरची चमक गेली होती आणि लिव्हर आपल्याच फटीत घट्ट रुतून बसला होता. सरांनी ऐकलेला सल्ला खोटा नव्हता. तो दुसऱ्या कुठल्या तरी पदार्थाच्या पेनासाठी होता, एवढंच.

लिव्हरची पेनं हल्ली अनेकांनी पाहिलेलीही नसतात, म्हणून थोडं सांगतो. बॅरलच्या कुशीत धातूची एक बारीक दांडी बसवलेली असते. ती नखाने उचलली की आतली पोलादी पट्टी रबरी पिशवीवर दाबली जाते आणि पिशवीतली हवा निबेवाटे शाईत बुडबुडे काढत बाहेर पडते. दांडी खाली सोडली की पिशवी फुगते आणि शाई ओढून घेते. मनातल्या मनात दहा अंक म्हणायचे आणि मग निब दौतीबाहेर काढायची. घाईने काढली की पिशवी शाईबरोबर हवाही ओढते. "पेनात शाईच मावत नाही हो" अशी तक्रार घेऊन येणाऱ्यांपैकी बरेच जण या दहा अंकांत कमी पडलेले असतात. त्यांना मी दौत देऊन समोर बसवतो आणि फुकट परत पाठवतो.

ही कल्पना काढली वॉल्टर शेफर या सराफाने. अमेरिकेतल्या आयोवा राज्यात, मिसिसिपी नदीच्या काठी फोर्ट मॅडिसन नावाचं गाव आहे. तिथे त्याची दागिन्यांची पेढी होती. तेव्हा बहुतेक पेनं ड्रॉपरने भरावी लागत, म्हणजे हात निळे व्हायचेच. यावर तोडगा म्हणून त्या दहा-पंधरा वर्षांत लोकांनी काय काय केलं, ते पाहिलं की हसू येतं. क्रॉकर कंपनीच्या पेनात मागच्या टोकाने फुंकर मारायची, त्या फुंकरीने पिशवी दबायची. वॉटरमनने एक पेन असं काढलं की बॅरलला फट, त्या फटीत खिशातलं नाणं घालून दाबायचं. म्हणजे पेन भरायला आधी पैसे हवेत! यांत सगळ्यांत चाललेलं पेन होतं टोलेडोच्या कॉन्क्लिनचं. त्याच्या बॅरलवर धातूची चंद्रकोर बाहेर आलेली असे, ती अंगठ्याने दाबायची. मार्क ट्वेन या पेनावर इतका खूश होता की कंपनीने त्याचं पत्रच जाहिरातीत वापरलं. त्या चंद्रकोरीमुळे पेन टेबलावरून गडगडत नाही आणि आपल्या तोंडी येणाऱ्या शिव्या वाचतात, असं त्याचं म्हणणं होतं.

शेफरची हकीकत अशी सांगतात की 1907 मध्ये त्याने वर्तमानपत्रात कॉन्क्लिनची जाहिरात पाहिली आणि ते कुबड त्याच्या सराफी डोळ्याला खुपलं. तेच काम पृष्ठभागाशी सपाट बसणाऱ्या दांडीने होईल, असं त्याच्या डोक्यात आलं. 25 ऑगस्ट 1908 ला त्याला पेटंट मिळालं. तरी कारखाना काढायला 1912 उजाडलं. वय 45, आयुष्याची सगळी कमाई पणाला, आणि जागा म्हणजे पेढीमागची खोली. सोबतीला घेतलेले कूलसन आणि क्रेकर हे दोघे आधी कॉन्क्लिनचीच पेनं विकत. पुढे क्रेकर फुटला, त्याने स्वतःची लिव्हरची पेनं काढली आणि प्रकरण कोर्टात गेलं. वॉटरमनने कोर्टाची पायरी टाळून लिव्हर एका छोट्या धातूच्या चौकटीत बसवला आणि ती चौकट बॅरलमध्ये खोवली. पार्करने आपल्या मुख्य पेनांत दांडी न घेता मागच्या टोपणाखाली बटण दिलं. मला या भाऊबंदकीत सगळ्यांत गंमत वाटते ती शेवटाची. 1924 मध्ये खुद्द कॉन्क्लिनने 'एन्ड्युरा' नावाचं पेन काढलं आणि त्याला चंद्रकोर नव्हती. लिव्हर होता.

वॉटरमनचंही एक मिथक याच ठिकाणी निकालात काढतो, कारण गिऱ्हाईक हमखास ते ऐकवतं. लुईस वॉटरमन विमा एजंट होता, कराराच्या कागदावर शाई सांडली, गिऱ्हाईक हातचं गेलं आणि त्या रागाने त्याने 1884 मध्ये फाउंटन पेन शोधलं. त्या साली त्याला पेटंट मिळालं हे खरं. फाउंटन पेनं मात्र त्याच्या आधीही होती. त्याने सुधारली ती जीभ, म्हणजे निबेखालचा तो खाचांचा तुकडा, ज्यातून शाई पुढे येते आणि हवा मागे जाते. सांडलेल्या शाईला मात्र त्या काळचा कोणताही पुरावा इतिहासकारांना सापडलेला नाही. गोष्ट कंपनीला सोयीची होती, म्हणून टिकली. वॉटरमन विकायला येणारा प्रत्येक जण ती मला नव्याने सांगतो आणि सांगताना किंमत वाढवतो.

आता माझ्या धंद्याचं. माझ्या मते शेफरची आणि त्याच्या काळातल्या कारागिरांची खरी करामत दांडीत नाहीच. ती आहे पेन जोडण्याच्या पद्धतीत. निब धरणारा पुढचा भाग बॅरलमध्ये नुसता घट्ट दाबून बसवलेला असतो. पोलादी पट्टी स्वतःच्या ताणावर उभी असते. दांडी एका पिनेवर किंवा आतल्या खाचेत बसवलेल्या तारेच्या कडीवर हलते. आणि रबरी पिशवी चिकटवलेली असते लाखेने. स्पिरिटमध्ये विरघळवलेली लाख, आपली नेहमीची, पळसाच्या आणि कुसुमाच्या झाडावरच्या किड्यांची. त्या काळी जगाला लागणारी बहुतेक लाख भारतातूनच जायची, कलकत्त्याच्या बंदरातून. म्हणजे आयोवात जोडलेल्या पेनाच्या पोटात आपल्याकडच्या जंगलातला चिकटा होता. लाखेचा गुण असा की ती पक्की धरते आणि ऊब दिली की सोडते. पिशवी मरणार हे करणाऱ्यांना ठाऊक होतं. रबर आहे, काही वर्षांनी कडक होऊन अंड्याच्या टरफलासारखं फुटणारच. म्हणून ती बदलता यावी अशीच सगळी मांडणी.

त्यामुळे माझं भांडण म्हाताऱ्या पेनाशी क्वचितच असतं. ते असतं माझ्याआधी ज्याने ते उघडलं त्याच्याशी.

एक बाई सासऱ्यांचं काळं स्वान पेन घेऊन आल्या. घरात सगळ्यांनी हात टेकलेले. मी हेअर ड्रायर लावला, साठ अंशांच्या आसपास ऊब दिली, रबराच्या पकडीत धरून हळूच पिळलं. हलेना. पुन्हा ऊब, पुन्हा पीळ. भिंगातून पाहिलं तर सांध्याच्या कडेला काचेसारखा चकाकणारा बारीक थर. कुणीतरी क्षणात चिकटणारा तो आधुनिक डिंक ओतला होता. त्यावर उष्णता चालत नाही, कारण त्याने सोडण्याआधी एबोनाइटच पोळतं. आणि त्याला विरघळवणारं द्रव आत घालायचं, तर ते बऱ्याच प्लास्टिकना खातं. हे स्वान एबोनाइटचं निघालं म्हणून वाचलं. सेल्युलॉइड असतं तर मी हात वर केले असते. काही आठवडे रोज थेंब-थेंब करत ते सुटलं. बाईंना कारण सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "अहो, तो आमचाच भाऊजी. त्याला घरातलं काहीही दुरुस्त करायची हौस." भाऊजींनी नंतर फोन करून मला सुनावलंही, की पेन चांगलं घट्ट बसलं होतं.

याच्या उलट एक माणूस आहे, ज्याला मी कधी पाहिलं नाही आणि पाहणारही नाही. पुण्यात बुधवारी आणि रविवारी जुना बाजार भरतो, तिथून उचललेलं एक चिमुकलं पेन. टोपणाला कडी, म्हणजे साखळीत अडकवून गळ्यात घालायचं बायकांचं पेन. उघडलं तर पिशवीच्या जागी सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी. एक टोक दोऱ्याने करकचून बांधलेलं, दुसरं नळकांड्यावर ओढून बसवलेलं आणि त्यावरून मेणाचा हलका हात. खेडेगावातल्या किंवा कुठल्याशा पेठेतल्या कारागिराला पिशवी मिळाली नसणार. पण पिशवीचं काम काय आहे हे त्याला नेमकं कळलं होतं. सायकलवाल्याकडून वीतभर नळी आणली असेल. आणि मुख्य म्हणजे त्याने डिंक वापरला नाही. त्याचा दोरा मी नखाने सोडवला आणि पेन अर्ध्या तासात उघडून, पुसून, नवी पिशवी घालून तयार झालं. ती नळी मी फेकलेली नाही.

मधल्या जातीचे दुरुस्तीवालेही भेटतात. आपल्याकडच्या देशी पेनांनी पुढे ड्रॉपरचाच रस्ता धरला. बॅरलमध्ये थेट शाई ओतायची, ना पिशवी ना दांडी. त्यामुळे कितीतरी कारागिरांना विलायती लिव्हरचं पेन म्हणजे उगाच भानगड वाटत असे. ते दांडी काढून टाकत, फट लाखेने किंवा मेणाने बुजवत, सांध्याला ग्रीस लावत आणि पेन ड्रॉपरचं करून देत. मला आधी याचा राग यायचा. आता येत नाही. त्या गिऱ्हाइकाला सोमवारी कचेरीत लिहायचं होतं, वस्तुसंग्रहालयात ठेवायचं नव्हतं. शिवाय दांडी बहुधा त्याच पुडीत, पेनाबरोबर ठेवलेली सापडते.

पिशवीला नंबर असतो आणि तो लोकांना वाटतो तसा मनमानी नसतो. 16 नंबर म्हणजे व्यास 16/64 इंच, पाव इंच. बॅरलच्या आत ती सैल हवी. घट्ट बसली तर पट्टी दाबली जात नाही. लांबी बॅरलच्या तळापेक्षा थोडी आखूड कापायची. "जास्त शाई मावावी म्हणून लांब ठेवली" असं म्हणणाऱ्याच्या पेनात पिशवी तळाला दुमडून पीळ खाऊन बसलेली असते आणि आधीपेक्षा कमी शाई मावते. बाहेरून शुद्ध टाल्कचा हात द्यायचा, सुगंधी पावडरचा नाही. हे आमच्यातले किरकोळ मंत्र.

शाईचीही एक कथा आहे. एका वास्तुविशारदाने आजोबांच्या पेनात आराखड्यांची काळी वॉटरप्रूफ शाई भरली. काळी ती काळी, असा त्याचा हिशेब. त्या शाईत पुष्कळदा लाखच असते. वाळली की पाण्याला दाद देत नाही, त्यासाठीच घातलेली. पिशवी, जीभ, निब, सगळं एकजीव झालं होतं. जी लाख पिशवीच्या तोंडाशी माझी मैत्रीण, तीच जिभेच्या खाचेत बसली की वैरीण. पेनाची शाई म्हणजे पेनासाठीच केलेली शाई. मुंबईत दांडेकर बंधूंनी 1931 मध्ये शाईच्या पुड्या आणि गोळ्यांपासून धंदा सुरू केला आणि पुढे त्यांची कॅमल शाई घराघरांत पोचली. ती निळी शाई भरलेली पेनं माझ्याकडे वाळून खडखडीत झालेली येतात आणि साध्या पाण्याने दोन दिवसांत मोकळी होतात.

सेल्युलॉइडबद्दल थोडं जपूनच बोललं पाहिजे. 1924 मध्ये शेफरने काळं एबोनाइट सोडून रंगीत सेल्युलॉइड आणलं आणि जेड हिरव्या पेनांनी बाजार उचलला. पण हा पदार्थ म्हणजे नायट्रेट केलेला कापूस आणि कापूर, जुन्या सिनेमाच्या फिल्मचा सख्खा भाऊ. जानेवारी 2003 मध्ये पुण्यात फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारातल्या साठ्याला आग लागून जुन्या नायट्रेट फिल्म भस्मसात झाल्या, ते आमच्यापैकी कुणी विसरलेलं नाही. सेल्युलॉइडचा कीस मी पाणी भरलेल्या डब्यात टाकतो. बफ लावताना बॅरल बोटाला चटका देऊ लागलं की थांबतो. उघड्या ज्योतीवर पेन ऊबवणारे जुने कारागीर होते, त्यांच्या धिटाईला नमस्कार.

हिरव्या शेफरचंच आणखी एक दुखणं. टोपण लख्ख हिरवं आणि बॅरल मधोमध तपकिरी, कॉफी मुरल्यासारखं. गिऱ्हाईक म्हणतं, पॉलिश करा. पॉलिशने जात नाही, कारण डाग वरून पडलेला नाही. आतल्या रबरी पिशवीतून वर्षानुवर्षं निघालेल्या गंधकाच्या वाफेने रंग आतून खाल्लेला असतो. म्हणून हलक्या रंगाचं पेन कपाटात नुसतं ठेवायचं असेल, तर मी पिशवी घालूच नका म्हणतो. दुकानदाराने स्वतःच्या पोटावर पाय मारून घ्यावा तसा हा सल्ला, पण पेनं वाचतात.

एबोनाइटचा वाद याहून कडू. काळं एबोनाइट ऊन आणि ओलीने तपकिरी-हिरवट होतं. ते पुन्हा काळं करण्याचे दोन मार्ग. एक, वरचा थर घासून काढायचा, म्हणजे बॅरलवर कोरलेलं कंपनीचं नाव आणि नक्षीही पुसट होते. दुसरा, रंग चढवायचा. संग्राहकांच्या बैठकीत हा विषय निघाला की चहा थंड होतो. माझं मत विचाराल तर लिहिण्याच्या पेनाला मालकाने हवं ते करावं, पण रंगवलेलं पेन 'मूळ अवस्थेत' म्हणून विकणं ही फसवणूक. आणि ती चालते. टोपण काढून त्याखाली झाकलेला बॅरलचा भाग पाहायचा. उघडा भाग आणि झाकलेला भाग एकाच काळेपणाचे असतील, तर शंभर वर्षांच्या पेनाने तोंडाला काहीतरी लावलंय.

निबेच्या तक्रारी वेगळ्याच. एका गृहस्थांनी शेफर लाइफटाइम आणलं, पांढऱ्या ठिपक्याचं. "निब मेलीय याची. दाबली तरी पसरत नाही." त्यांनी कुठेतरी लवचिक निबेचे, जाड-बारीक रेघांचे नमुने पाहिले होते. लाइफटाइमची निब मुळातच खिळ्यासारखी ताठ. 1920 मध्ये हे पेन आलं तेव्हा त्याची किंमत 8.75 डॉलर होती, साध्या पेनाच्या तिप्पट, आणि हमी आयुष्यभराची. त्या काळी कार्बन कागद घालून दोन-तीन प्रती एकदम काढायच्या असत. त्यावर जोर देऊन लिहिणाऱ्या कारकुनाच्या हाती लवचिक निब दिली असती, तर कंपनी हमीपायी बुडाली असती. हमीचं पुढे काय झालं तेही ऐकण्यासारखं. कंपन्या हमी आयुष्यभराची म्हणत आणि दर दुरुस्तीला टपाल-हाताळणीचे 35 सेंट घेत. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने यावर हरकत घेतली. पार्करचं असंच प्रकरण 1946 मध्ये अपील कोर्टात लढलं गेलं. त्या गृहस्थांना मी हे सगळं सांगितलं. ते म्हणाले, "म्हणजे ही मऊ होणार नाही?" नाही होणार.

मराठी लिहिणाऱ्यांसाठी मात्र निबेचं एक काम मी आनंदाने करतो. देवनागरीच्या वळणाला निब इंग्रजी इटॅलिकच्या उलट कोनात तिरकी घासावी लागते, बोरूसारखी. विलायती जाड निब असेल, तिच्या टोकाला पुरेसा धातू असेल, तर बारीक कागदावर आठाचे आकडे काढत ती तिरकी करता येते. त्यानंतर त्या निबेने इंग्रजी सही जरा वाकडीच येते. पण असा हट्ट धरणारे लोक सहीसुद्धा मराठीत करतात.

नवीन लिव्हरचं पेन बनवणं हा आणखी वेगळा उपद्व्याप. माझा एक मित्र लेथवर एबोनाइटची पेनं करतो. त्याला मी ही फूस लावली. ड्रॉपरचं पेन म्हणजे त्याच्या दृष्टीने सरळ काम. दांडा घ्या, भोक पाडा, आटे पाडा, टोपण करा. लिव्हरसाठी मात्र बॅरलच्या पातळ भिंतीत दोन-अडीच मिलिमीटर रुंदीची लांब फट कापायची. ती अक्षाशी तंतोतंत समांतर हवी. जरा कलली की दांडी एका कडेला घासते. त्यानंतर भोकाच्या आत, न दिसणाऱ्या जागी, कडीसाठी गोल खाच. त्यासाठी वाकड्या चोचीचं हत्यार त्याने स्वतः घडवलं, जुन्या ड्रिलच्या दांड्यातून. खाच उथळ झाली तर कडी निसटते, खोल झाली तर भिंत फुटते. पहिल्या बॅरलची भिंत फुटलीच, दुसऱ्याचीही. तो बोलायचा बंद झाला की मी समजायचो, आणखी एक गेलं. कडी बसवताना ती चिमट्यातून उडून कुठे जाते याचा शोध अजून लागायचा आहे. मोठ्या कंपन्यांनी हा प्रकार का सोडला ते त्या खोलीत उभं राहिल्यावर कळतं. काट्रिज आणि कन्व्हर्टरच्या पेनात बॅरल म्हणजे नुसती पोकळ नळी. शेफरनेसुद्धा 1949 मध्ये लिव्हर बाजूला ठेवून नवी भरणपद्धत आणली.

तरी अखेर एक पेन जमलं. काळं, किंचित फुगीर, पितळी दांडी इतकी सपाट बसलेली की बोट फिरवलं तर लागू नये. ते एका डॉक्टरांनी सांगून करून घेतलं होतं. पेन हातात घेऊन त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "यात काट्रिज बसेल ना?" मित्राने माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे. "मग असं करता येईल का," डॉक्टर म्हणाले, "दांडी राहू द्या, दिसायला छान आहे. आत कन्व्हर्टर टाका." मित्र शांतपणे म्हणाला, "डॉक्टरसाहेब, हे घेऊन जा. महिनाभर वापरा. नको वाटलं तर पैसे परत."

महिना व्हायच्या आतच डॉक्टर आले. पांढऱ्या शर्टाच्या पोटावर वितभर निळा डाग, आणि पेन प्लास्टिकच्या पिशवीत बांधलेलं. "गळतंय," असं म्हणाले. कुठे गळालं, कसं गळालं, मी विचारत गेलो. हॉस्पिटलच्या मीटिंगमध्ये. टोपण काढलेलं होतं का? होतं, लिहीत होतो. मग हातात काय चाललं होतं? डॉक्टरांनी अंगठा हलवून दाखवला. बजेटवर चर्चा लांबली होती आणि ते दांडी वर-खाली करत बसले होते. तीही पेन काठोकाठ भरलेलं असताना.

मित्राने पेन उघडलं. पिशवी ठीक, सांधा ठीक, लाख पक्की. त्याने ते पुसून, भरून परत दिलं. शाई कोणती भरली होती, असं मी डॉक्टरांना विचारलं. धुऊन जाणारी निळी निघाली. दोन धुण्यांत जाईल, म्हटलं. त्यांनी पेन खिशाला लावलं, मग काही आठवून काढलं आणि मित्राला म्हणाले, "मुलीसाठी अजून एक कराल? तिला मीटिंगा नसतात."